पातेलं मोजलं, ताट राहिलं

(वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यान, थोडं आवरून)



पत्रिकेत माझा विषय 'भारतीय माणूस काय खातो?' असा छापलाय. त्याचं एका ओळीचं उत्तर सरकारी अहवालात तयार आहे आणि ते चूकही नाही. २०२२-२३ च्या घरगुती उपभोग-खर्च पाहणीप्रमाणे खेड्यातला भारतीय महिन्याला ९.६१ किलो धान्य खातो आणि शहरातला ८.०५ किलो. झालं व्याख्यान, चहाला चला, असं म्हणता आलं असतं. पण ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलोय ते सर संख्याशास्त्र शिकवायचे. फळ्यावर सरासरी काढून झाली की हा माणूस राहतो कुठे, असं पोरांना विचारायचे. मग वर्गात शांतता. त्या वर्गात बसलेल्या माणसाला ९.६१ वर थांबता येत नाही.

तरीही सुरुवात सरासरीपासूनच करतो, कारण तिच्यातही बातमी आहे. १९९९-२००० मध्ये खेड्यात हाच आकडा १२.७२ किलो होता. म्हणजे तेवीस वर्षांत माणशी महिना तीन किलोंहून जास्त धान्य ताटातून गेलं. पैशाचा हिशोब तर आणखी बोलका आहे. तेव्हा खेड्यातलं घर शंभर रुपये खर्च करायचं, त्यातले बावीस धान्यावर जायचे. आता पाचही जात नाहीत. यात रेशनच्या स्वस्त आणि फुकट धान्याचा मोठा हात आहे, हे लक्षात ठेवा. पण त्याच शंभरातले साडेनऊ रुपये आता पेयं, फराळ आणि तयार खाण्यावर जातात, म्हणजे धान्याच्या जवळजवळ दुप्पट. चहा, बिस्किटपुडा, फरसाण, भेळ, स्टँडवरचा वडापाव, सगळं त्यात आलं. आणि घरखर्चातला खाण्याचा वाटा खेड्यात पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली आला. धान्य कमी झालं म्हणजे माणूस उपाशी राहायला लागला का? तसं नाही. पंप आला, ट्रॅक्टर आला, पिठाची गिरणी आली, पायी चालणं कमी झालं, दूध, अंडी, तेल वाढलं. उष्मांक का घटले यावर अँगस डीटन आणि ज्याँ द्रेझ यांनी २००९ मध्ये मोठा लेख लिहिला. अर्थशास्त्रज्ञांचं भांडण त्याआधीही होतं, त्यानंतरही आहे. ते बाजूला ठेवू.

आता सरांचा प्रश्न. हा माणूस राहतो कुठे?

पहिलं उत्तर नकाशावर शोधतात. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात खाण्याचा एक नकाशा असतो. पंजाबी म्हणजे बटर चिकन, गुजराती म्हणजे ढोकळा, बंगाली म्हणजे मासा, मद्रासी म्हणजे इडली. महानिबंधकांच्या कार्यालयानं २०१४ च्या नमुना नोंदणीत पंधरा वर्षांवरच्या लोकांना विचारलं, तुम्ही शाकाहारी की मांसाहारी? तेलंगणात जवळजवळ ९९ टक्के मांसाहारी निघाले. पश्चिम बंगाल, आंध्र, ओडिशा, केरळ त्याच्या मागोमाग. राजस्थानात पाऊण लोक शाकाहारी, हरियाणात ६९ टक्के. आणि ज्याच्या नावानं देशभरातल्या ढाब्यांवर कोंबड्या कापल्या जातात, त्या पंजाबात जवळपास ६७ टक्के शाकाहारी. देशाची बेरीज मात्र ७१ टक्के मांसाहारी. 'भारत हा शाकाहारी देश' असं जे परदेशी विमानात सांगितलं जातं, त्याला या तक्त्यात आधार सापडत नाही. महाराष्ट्र मधोमध आहे, ४० टक्क्यांच्या आसपास शाकाहारी.

या नकाशाला कारणं आहेत आणि ती बऱ्यापैकी जमिनीतली आहेत. वायव्येकडे गुरं पाळणारे समाज, दुधाची सवय, मोठेपणीही दूध पचवणारं जनुक. पूर्वेला आणि दक्षिणेला जसजसे जाल तसतसं ते जनुक विरळ होत जातं. दूध पचणाऱ्याला मासळीविना चालतं, न पचणाऱ्याला माशाचा आधार. ही मांडणी फार सोपी आहे आणि जातधर्माचा पापुद्रा तिच्यावर आहेच, पण ती पूर्णपणे खोटी नाही.

तेलांचंही तसंच होतं. कोकण-गोव्यात नारळाचं, गुजरातेत आणि आपल्याकडे शेंगदाण्याचं, सोलापूर-मराठवाड्यात करडईचं, विदर्भात जवसाचं, बंगालात मोहरीचं, तमिळनाडूत तिळाचं. आता यातलं निम्मं पाम आणि सोयाबीननं पुसून टाकलंय. फोडणीचा वास सगळीकडे सारखा होत चाललाय.

नकाशावरून माणसाची किंमत करण्याची चटक आपल्याला इंग्रजांच्या काळी लागली. नीलगिरीत कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन नावाचा लष्करी डॉक्टर होता. १९१८ मध्ये बेरीबेरीच्या चौकशीसाठी सुरू झालेली त्याची छोटी प्रयोगशाळा पुढे वाढत वाढत हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. विसाच्या दशकात त्यानं एक प्रयोग केला. उंदरांचे गट पाडले आणि एकेका गटाला हिंदुस्थानातल्या एकेका समाजाचं जेवण दिलं. शिखांचं, पठाणांचं, मराठ्यांचं, गुरख्यांचं, कानडी लोकांचं, बंगाल्यांचं आणि मद्राशांचं. काही महिन्यांनी वजनं केली. शिखांच्या जेवणावरचे उंदीर सगळ्यांत धट्टेकट्टे, मद्राशांच्या जेवणावरचे सगळ्यांत किरकोळ. मराठी उंदीर तिसरे आले. सभागृहात थोडा आनंद दिसतोय, तो ठेवा.

मॅककॅरिसन खरा शास्त्रज्ञ होता. कोंड्यासकट गव्हाची पोळी, दूध, डाळ, हिरवी भाजी यांच्यात काय आहे हे त्यानं दाखवून दिलं आणि पॉलिशच्या तांदळाचे वाभाडे काढले. पण प्रयोगाचा साचा बघा. शीख म्हणजे एक जेवण, मराठा म्हणजे एक जेवण. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातला मराठा आणि त्याच्या रानात खुरपणाला येणारी बाई, दोघं एकाच पिंजऱ्यात. शिवाय उंदरांच्या पिंजऱ्यात सासू नव्हती. हे मी विनोदानं म्हणतोय, पण माझा सगळा मुद्दा तिथंच आहे. त्याकडे येईन.

आधी नकाशाचीच उलटतपासणी करू. आपण ज्याला प्रांताची चव म्हणतो ती किती जुनी असते? आपल्याच घरची गोष्ट घ्या. पन्नास-साठ वर्षांपूर्वी देशावर पोळी हा सणाचा पदार्थ होता, रोजची भाकरी. ज्वारीची, बाजरीची, मावळात नाचणीची, खानदेशात कळण्याची. १९७२ चा दुष्काळ पडला आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायला लागली. त्या काळी दुष्काळी कामावर खडी फोडलेल्या माणसाला आजही मिलो म्हटलं की तोंड वाकडं करावंसं वाटतं. सुकडी मात्र तो प्रेमानं आठवतो. मिलो गेली आणि गहू राहिला. हरितक्रांतीनं पंजाब-हरियाणात गव्हाचे ढीग घातले, सरकारनं ते खरेदी केले आणि रेशनच्या दुकानातून देशभर पसरवले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी पाच किलो धान्य ठरवलं. गहू दोन रुपये, तांदूळ तीन रुपये. भरड धान्य एक रुपया, पण ते कागदावरच जास्त. जानेवारी २०२३ पासून तेही पैसे नाहीत. फुकटचा गहू घरात असताना बाजारातून ज्वारी विकत कोण आणणार? आणि ती आणायची तर आज शहरात चांगली मालदांडी गव्हाला मागे टाकून विकली जाते. गरिबाचं धान्य श्रीमंताचं पथ्य झालं आणि श्रीमंताची पोळी गरिबाच्या डब्यात गेली.

यात नुसता भाव नाही. भाकरी हातावर थापायची असते, एकेक करून, चुलीपुढे बसून, आणि ती ताजीच चांगली लागते. पोळ्या सकाळी लाटून ठेवल्या की दिवसभर चालतात. शाळेत पोरगं डब्यात भाकरी न्यायला लाजतं. ज्वारी उपटायला माणूस मिळत नाही. कडब्यासाठी जनावरं होती तेव्हा मालदांडीला दुहेरी मोल होतं, जनावरं गेली तसं तेही गेलं. रेशन, भाव, बायकांचे हात, पोरांची लाज आणि गोठा, हे सगळं एकत्र आलं तेव्हा एका प्रदेशाचं ताट बदललं. मधुमेहाच्या मोठ्या राष्ट्रीय अभ्यासात प्रौढांचा आहार तपासला गेला. त्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये छापून आले आणि त्यात भारतीयांचे सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टातून येतात असं दिसलं. दक्षिणेत, पूर्वेत पांढरा भात आणि उत्तरेत, मध्यभारतात गहू. भरड धान्य मुख्य अन्न म्हणून उरलंय ते कर्नाटक, गुजरात आणि महाराष्ट्रात. आपण अजून यादीत आहोत, पण कोणत्या वेगानं बाहेर पडतोय हे तुमच्या स्वयंपाकघरात बघा.

इथं एक थांबा घेतो. भाकरीच्या आठवणीनं गहिवरणारी मंडळी सभागृहात आहेत, मीही त्यांतला आहे. पण हैदराबादला पोषणशास्त्रज्ञ गोपालन यांनी १९६० च्या आसपास दाखवलं होतं की तेलंगणातल्या ज्वारीवरच जगणाऱ्या मजुरांना पेलाग्रा व्हायचा. उन्हात कातडी काळी पडून सोलायची, जुलाब, भ्रम. ज्वारी वाईट नव्हती. ज्वारीशिवाय ताटात काही नव्हतं, हा रोग होता. आजची तूप, पिठलं आणि दही घेऊन बसलेली भाकरी ती भाकरी नव्हे.

अर्थात चव एवढी लवचीकही नसते. डेव्हिड अॅटकिन या अर्थशास्त्रज्ञानं आपल्याच राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ऐंशीच्या दशकातल्या आकड्यांवरून एक गोष्ट शोधली. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेली कुटुंबं तिथलं स्वस्त धान्य सोडून आपलं घरचं धान्य महाग घेत राहतात. त्यामुळे एका रुपयात त्यांना शेजाऱ्यापेक्षा कमी उष्मांक मिळतात. नवरा-बायको दोघंही परप्रांतातली असली तर हा भुर्दंड जास्त. पोटाला चिमटा बसतो तरी माणूस भाताऐवजी पोळी किंवा पोळीऐवजी भात करत नाही. म्हणजे सवय ही चूल सांभाळणाऱ्या हातांतून चालते.

आता चुलीशी आलोच आहोत तर आम्ही मोजणारे लोक काय मोजतो ते सांगतो. ज्यांना आकडे कंटाळवाणे वाटतात त्यांनी पुढची चार-पाच मिनिटं सोसावीत, कारण घोळ इथंच आहे.

महालनोबिसांनी १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू केली, तेव्हापासून या देशात घराघरात जाऊन काय खाल्लं हे विचारलं जातंय. विचारायचं तरी किती दिवसांचं? महिन्याचं विचारलं तर माणूस विसरतो, आठवड्याचं विचारलं तर आधीच्या आठवड्यातलंही आत ओढतो. १९९९-२००० मध्ये दोन्ही रकाने शेजारी शेजारी छापले आणि एका उत्तरानं दुसऱ्याला रंग लावला. देशातली गरिबी किती घटली यावर पुढं वर्षानुवर्षं वाद झाला, त्याचं एक मोठं कारण हे दोन रकाने. दुसरा घोळ असा. जुन्या पाहण्यांत मालकाच्या घरी शिजलेलं अन्न मालकाच्या खात्यात जायचं. धुणीभांडी करणारी बाई तिथं दुपारी चार घास खायची ते मालकिणीचे. त्यामुळे वरच्या घरांचे उष्मांक फुगायचे, खालच्यांचे आटायचे. आता पद्धत सुधारली आहे. तीन वेगवेगळ्या फेऱ्यांत विचारतात आणि बाहेरचं खाणं जास्त नीट पकडतात.

पण या पाहण्या घर मोजतात. पिठाचा डबा, तेलाची बाटली, डाळीची पिशवी, महिनाभरात किती आलं आणि किती संपलं. घरातल्या पाच माणसांत ते कसं वाटलं गेलं हा प्रश्न त्यांत नसतो. तो सोडवायला आम्ही एक तक्ता वापरतो. बैठं काम करणारा प्रौढ पुरुष म्हणजे एक एकक. मध्यम कष्टाचा पुरुष १.२, जड कष्टाचा १.६. बैठं काम करणारी बाई ०.८, मध्यम कष्टाची ०.९, जड कष्टाची १.२. घराचं धान्य या एककांनी भागलं की प्रत्येकाचं ताट कागदावर तयार होतं. गंमत अशी की घरात कोणाला किती मिळालं हे आपण शोधायला निघालो होतो आणि तक्त्यानं ते आधीच ठरवून टाकलं. बाईला ०.८ मिळायला हवं ही झाली गरज. मिळालंच, ही झाली कल्पना. त्यात पुन्हा फॉर्म भरणारा तिला कोणत्या खान्यात घालतो हे बघा. दोन हंडे पाणी, सरपण, गुरांचं शेण, रानातली खुरपणी. नवरा म्हणतो, "बाई घरीच असते," आणि कोष्टकात ०.८ वर टिक पडते.

घराऐवजी माणूस मोजण्यासाठी १९७२ मध्ये गोपालन यांच्या पुढाकारानं राष्ट्रीय पोषण निरीक्षण ब्यूरो उभा राहिला. दहा राज्यांत त्याचे गट गावोगाव फिरायचे आणि माणसामाणसाला विचारायचे की काल काय खाल्लं. सोबत ठरावीक मापाच्या वाट्या-पेल्यांचा संच असायचा. आमटीला डाळ किती घेतली, शिजून पातेलं किती भरलं, त्यातली तू किती वाट्या घेतलीस. मग त्रैराशिक मांडून तुझ्या वाटीत कच्ची डाळ किती ग्रॅम होती हे काढायचं. काम किचकट, पण प्रामाणिक.

मी अशाच एका पाहणीसोबत सोलापूर भागात गेलो होतो, तेव्हाचं एक घर सांगतो. दुपारची वेळ, पुरुषमंडळी रानात. बाईनं पातेलं पुढ्यात ठेवलं. आमच्या पथकातल्या मुलीनं त्यात आमटीच्या खुणेपर्यंत पाणी ओतून माप घेतलं. भाकऱ्यांचा हिशोब बाईला तोंडपाठ होता. मालकाच्या तीन, थोरल्याच्या दोन, सासऱ्याची एक कुस्करून, धाकटीची अर्धी. पीठ किती मळलं तेही चोख. "आणि तुमच्या?" म्हटल्यावर ती हसली. "माझं काय लिवता? थापता थापता खाल्लं." किती? "कडंची मोडली, तव्यावर करपली ती. आन् बुट्टीत उरली ती." कशाबरोबर? "चटणी हुतीच की." आमटी? आमटी संपली होती. तिच्या हिश्शाची वाटी नव्हतीच, तिनं पातेलं भाकरीच्या तुकड्यानं पुसून घेतलं होतं. आमच्या संचात सगळ्या मापाच्या वाट्या होत्या, पुसलेल्या पातेल्याचं माप नव्हतं. मग फॉर्म पूर्ण करायचा म्हणून काय करायचं? एकूण भाकऱ्यांतून सगळ्यांच्या वजा करायच्या आणि उरेल ते तिच्या नावावर टाकायचं. आमच्या तक्त्यात ती बाई वजाबाकीतून निघाली.

तिचा नवरा संध्याकाळी भेटला. दुपारी फाट्यावर चहा, खारी आणि एका मित्राबरोबर अंडाभुर्जी झाली होती. ती घरातल्या हिशोबात कुठंच नव्हती, कारण घरात ती कोणाला माहीत नव्हती. घर माळकरी होतं.

हे एकट्या त्या घराचं नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायका आणि पुरुष दोघांना वेगवेगळं विचारलं. मासे, चिकन, मटण कधीच खात नाही असं सांगणारे पुरुष १६.६ टक्के, बायका २९.४ टक्के. आठवड्यातून एकदा तरी खाणारे पुरुष ५७ टक्के, बायका ४५ टक्के. तीच राज्यं, त्याच जाती, पुष्कळदा तेच घर, आणि बारा-तेरा टक्क्यांची फट. घरात शिजत नाही म्हणून तिला मिळत नाही आणि गाड्यावर मिळतं ते त्याच्यासाठी. पूर्वीची मंडळी तर सांगायची की घरात शिजलं तरी नळी आणि कलेजी कोणाच्या ताटात जाते हे ठरलेलं असतं. याच पाहणीत ५७ टक्के बायकांच्या रक्तात लाली कमी निघाली, पुरुषांच्या २५ टक्के. हा सगळा ताटाचाच दोष, असं मी म्हणणार नाही. पाळी, बाळंतपणं, जंत यांचाही त्यात वाटा आहे. पण ज्या शरीराला लोह जास्त लागतं त्याच्याकडेच ते कमी जातं, हे डोळ्याआड करता येत नाही.

उपासाचं एक राहिलं. एका दिवसाच्या पाहणीत सण आणि उपास टाळायचे असतात, नेहमीचं खाणं पकडता यावं म्हणून. महाराष्ट्रात हा नियम पाळायचा म्हटलं तर बायकांचा नेहमीचा दिवस सापडायला आठवडा जातो. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. उपासाला चालतं त्यातलं बरंचसं अमेरिका खंडांतून आलेलं: बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, साबुदाण्याचा कंद. राजगिराही मुळात तिकडचाच. साबुदाणा बनतो तमिळनाडूत सेलमकडे, संपतो आपल्याकडे. धर्मशास्त्रानं पाव नाकारला आणि कोलंबसाच्या मागून आलेलं सगळं पवित्र करून घेतलं, या उदारपणाचं मला नेहमीच कौतुक वाटतं.

आता पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, जन्म १९११. १९५१ पासून वीसेक वर्षं रोमला जागतिक अन्न आणि शेती संघटनेचं संख्याशास्त्र त्यांनी सांभाळलं. जगात भुकेले किती, याच्या पहिल्या काही गंभीर अंदाजांमागे त्यांचा हात होता. निवृत्तीनंतर पुण्यात राहून त्यांनी जो वाद अंगावर घेतला तो आजच्या विषयाच्या गाभ्यात आहे. १९७१ मध्ये गोखले संस्थेच्या दांडेकर आणि रथ यांनी २,२५० उष्मांकांच्या आधारानं दारिद्र्यरेषा मांडली होती. सुखात्मे म्हणाले, माणसाची गरज हा एक ठोकळा नसतो. तोच माणूस आज कमी खातो, उद्या जास्त, आणि शरीर एका मर्यादेत जुळवून घेतं. मग सरासरी गरजेच्या खाली दिसलेला प्रत्येक जण भुकेला कसा धरायचा? ऐंशीच्या सुरुवातीला 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त दांडेकर आणि सुखात्मे यांची जुंपली. मराठी माणसांनी इंग्रजीत केलेलं हे एक देखणं भांडण आहे. गोपालन त्यात उतरले आणि शरीर जुळवून घेतं पण कशाच्या मोबदल्यात, असं त्यांनी खडसावलं.

मला विचाराल तर संख्याशास्त्र सुखात्म्यांच्या बाजूनं होतं आणि न्याय गोपालन यांच्या. एका दिवसाच्या आकड्यावरून माणसाला उपाशी ठरवता येत नाही, हे सुखात्म्यांचं म्हणणं प्रत्येक पाहणी करणाऱ्यानं गिरवावं असं आहे. पण रोजच पातेलं पुसून खाणाऱ्या बाईचं कमी खाणं हा दैनंदिन चढउतार नव्हे. सगळे दिवस एकाच बाजूला झुकलेले असतात. सुखात्म्यांचं सूत्र सरकारच्या हाती गेलं की भुकेल्यांची संख्या कमी दाखवायला सोयीचं होतं. त्याचा दोष सुखात्म्यांना द्यावा, असं मात्र मला वाटत नाही.

आणि याच पुण्यात, केईएम हॉस्पिटलात, चित्तरंजन याज्ञिकांनी या भांडणाला एक तिसरी बाजू दिली. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आपला आणि इंग्रज डॉक्टर जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापला. दोघांचा उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. म्हणजे वजनकाटा दोघांना सारखं म्हणतो आणि शरीर आतून निराळं. त्याचा धागा आईच्या पोटापर्यंत जातो, म्हणून त्यांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा पाठपुरावा केला. गरोदर असताना त्यांना स्वतःला विचारलं, काय खाता. निष्पन्न असं झालं की बाळाचं आकारमान आईनं किती उष्मांक आणि किती प्रथिनं खाल्ली याच्याशी जुळत नव्हतं. पालेभाजी, फळं आणि दूध ती किती वेळा खाते, याच्याशी जुळत होतं. दोन तृतीयांश बायकांच्या रक्तात बी-१२ कमी होतं. सरासरी उष्मांकाच्या रकान्यात या बायका एकमेकींसारख्याच दिसल्या असत्या. मेथीची जुडी आठवड्यातून किती वेळा निवडली जाते आणि निवडल्यावर तिच्या वाट्याला किती येते, हे घराचं पातेलं मोजून कळलं नसतं.

२०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत दिवसाला २५० ग्रॅम धान्य, ४०० ग्रॅम भाज्या असं आदर्श ताट आखून दिलंय. खेड्यातल्या ९.६१ किलोचे रोजचे ३२० ग्रॅम होतात. हे आकडे शेजारी ठेवून वर्तमानपत्रांत मथळे येतात. ते ३२० ग्रॅम कोणाचे, असं सरांनी विचारलं असतं.

२०१५ मध्ये पोषण निरीक्षण ब्यूरो बंद केला. तेव्हापासून वर्षानुवर्षं नियमितपणे माणसाच्या ताटापर्यंत जाणारी यंत्रणा आपल्याकडे उरलेली नाही. अधूनमधून एखादा मोठा अभ्यास होतो, बाकी खर्चाच्या पाहण्या चालू आहेत. त्या चांगल्या आहेत. तो ब्यूरो पुन्हा सुरू झाला तर तीन बदल करावेत, अशी माझी सूचना आहे. बाईला तिचं स्वतःचं खाणं ती एकटी असताना विचारावं, नवरा-सासू समोर नसताना, आणि वजाबाकी करू नये. पुरुषाला घराबाहेर गाठून विचारावं, शक्यतो फाट्यावर. आणि जेवायला कोण कोणाच्या नंतर बसलं हा एक रकाना वाढवावा. २०११-१२ च्या मानव विकास पाहणीत हा प्रश्न होता, म्हणजे विचारता येतो हे सिद्ध झालेलं आहे.

वेळ संपत आलीय. अध्यक्ष घड्याळ बघताहेत, आणि मागच्या रांगेतून दोन हात वर झालेले मला दिसताहेत. ते प्रश्न आधी घेऊ.